गाडीचं झालं

"गाडीचं झालं," असं माझ्या मोठ्या मुलीनं मला सांगितलं तेव्हा मी दुकानात फवारणीच्या औषधाचे खोके फोडत होते. मी "बरं" म्हटलं आणि कामाला लागले. आमच्याकडं गाडी म्हणजे काहीही असतं. एसटी ही गाडी, रेल्वे ही गाडी, दारातली मोटारसायकल ही गाडी आणि लग्नाला भाड्यानं आणलेली जीपही गाडीच. पण जर्मनीतल्या त्या विमानतळाच्या खालूनच शहरात जाणारी रेल्वे सुटते हे मीच शोधून काढलं होतं, मीच तिला दाखवलं होतं. त्यामुळं गाडी म्हणजे रेल्वे असं मी धरून चालले. मला तिला विचारायचंही सुचलं नाही.

त्या शहराचं नाव मी लिहीत नाही. कोणाचंच नाव लिहीत नाही. तो माणूस अजून तिथंच असेल, आणि मुलीला अजून तिथं राहायचं आहे.

आम्ही पांढरकवड्याचे. गावात रूळ नाही. नागपूरला जायचं तर हमरस्त्यावरून बस, हैदराबादला जायचं तरी तोच रस्ता, उलट दिशेनं. माझा स्वतःचा रेल्वेचा प्रवास बोटावर मोजण्याइतका, तोही दरवेळी कोणी तरी डब्यात बसवून दिलेला. नवऱ्याचं आणि माझं मिळून कृषी केंद्र आहे. तो कंपन्यांची आणि गोदामाची कामं बघतो, काउंटर माझं. मुलगी नागपूरला इंजिनीअर झाली आणि पुढच्या शिक्षणाला जर्मनीत प्रवेश मिळवून बसली. प्रवेश, व्हिसा, होस्टेल हे सगळं तिनं केलं. मला त्यातलं फार कळत नाही आणि मी कळतंय असं दाखवलंही नाही. पण विमानातून उतरल्यावर होस्टेलच्या दारापर्यंत कसं जायचं, एवढा तुकडा मी स्वतःकडं घेतला. रस्ता मला कळतो.

एका माणसानं कॅमेरा हातात धरून विमानतळाच्या दारापासून फलाटापर्यंत चालत जाऊन त्याचा व्हिडिओ टाकला होता. तो मी गिऱ्हाईक नसलं की लावायचे. सामान घ्यायची जागा, सरकतं दार, मोठा हॉल, डावीकडं निळी पाटी, खाली जाणारा जिना. माझ्या डोक्यात ते इतकं बसलं की मी तिथं झोपेत चालले असते. एकदा मारेगावकडचे एक जुने गिऱ्हाईक काउंटरवर वाकून बघायला लागले.

"काय पाह्यता वैनी, पिच्चर?"

"रेल्वे पाह्यतो भाऊ."

"कोन्त्या गावची?"

"जर्मनीची."

"बरं हाय. आपल्या गावात तं आली नाही, तुमच्या मोबाईलमधी तरी आली." मग त्यांनी पूर्ण व्हिडिओ बघितला आणि जाताना सांगितलं, "तो जिना लय उभा हाय. पोरीले म्हना, बॅगा हलक्या ठेव."

ते बरोबर होतं. मी बॅगा हलक्या करायला लावल्या.

त्या रेल्वेची एक भानगड होती. ती वाटेत एका स्टेशनावर तुटते. म्हणजे अपघातानं नाही, रोजच तुटते. पुढचे डबे शहरात जातात आणि मागचे डबे सुटे होऊन दुसऱ्याच रुळानं भलत्या गावाला जातात. मला हे वाचून घाम फुटला होता. एकाच गाडीत बसलेली माणसं, तिकीट सारखं, आणि अर्धी शहरात, अर्धी कुठं तरी रानात. मी मुलीला एवढंच पक्कं सांगितलं होतं : पुढच्या डब्यात बस. काहीही झालं तरी पुढच्या डब्यात.

सप्टेंबर लागला. कपाशीला बोंडं धरायला लागली होती, फवारणीचा जोर होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्या जाण्याला आठवडा राहिला असताना मी तिला सहज विचारलं, "तिकीट काढलं का?"

"कायचं तिकीट?"

"गाडीचं."

"गाडीले तिकीट कायले लागते? दादा घ्याले येऊन राह्यला ना."

"कोन दादा?"

"अवं, तुले सांगतलं होतं ना, गाडीचं झालं म्हणून."

तिथं शिकणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. त्यात हिनं आपली ओळख करून देताना जिल्हा यवतमाळ असं लिहिलं. त्याच दिवशी एकानं तिला वेगळा मेसेज टाकला : मी पण तुमच्याकडचाच, काही लागलं तर सांग. मग त्यानं काही लागण्याची वाटच बघितली नाही. रेल्वेचा त्रास होतो, मी गाडी घेऊन येतो. तिथलं सिम इथून घेऊ नको, मी देतो. होस्टेलची किल्ली मिळायला कधी कधी उशीर होतो, पहिले दोन दिवस माझ्या ओळखीच्या घरी सोय करतो. तिकिटाचा फोटो पाठव म्हणजे मला वेळ कळेल. हिनं पाठवला होता. आणि ग्रुपवर लिहू नको, नाही तर सगळेच गाडी मागतात.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

"ह्यात काय वाईट हाय?" मुलगी म्हणाली. "दोन बॅगा, पाठीवर एक, आणि ते तुटणारी गाडी. मले रेल्वेचंच भेव वाटून राह्यलं, त्याचं नाही. आपल्याकडचा हाय तो."

नवऱ्याचंही तेच. "आपल्याकडचा पोरगा हाय, घ्याले येतो म्हनते, तं येऊ दे. परदेशात आपला मानूस भेटनं का सोपं हाय?"

आपल्याकडचा, हा शब्द आमच्या घरात मोठा. पुण्यात दुकान आपल्याकडच्याचं निघालं की नवरा चहा प्यायला बसतो. मीही त्यातलीच. पण दुकानात बसून माझी एक सवय झाली आहे. कोणी अनोळखी माणूस जहाल औषध मागायला आला की मी आधी गाव विचारते, मग शिवार, मग पीक, मग फवारणारा कोण. शेतकरी असेल तर तो न थांबता सांगतो, कारण तो रोज तिथं उभा असतो. ज्याला शेतच नाही तो उत्तर देतो, पण आधी माझ्याकडं बघतो. अशा माणसाला मी माल संपला म्हणून सांगते. त्याला ते औषध कशाला हवं होतं हे मला जाणून घ्यायचं नसतं.

मी म्हटलं, लाव त्याला फोन. मी बोलते.

त्यानं लगेच उचलला. आवाज गोड, बोलणं अस्सल वऱ्हाडी. "काकू, नमस्कार. टेन्शन घेऊ नका, मी हाओ ना इथं. माह्या बहिणीवानी हाय ते."

"कुठले बापा तुमी?"

"तुमच्याच इकडचा. केळापूरचा."

"केळापूरले कोठी?"

"कोर्टासमोर घर हाय आमचं. स्टँडपासून जवळच."

माझा हात काउंटरवर होता, तो तिथंच राहिला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही, म्हणून सांगते. आमच्या तालुक्याचं सरकारी नाव केळापूर. नकाशावर केळापूर, सात-बारावर केळापूर, मुलीच्या जातीच्या दाखल्यावरही तालुका केळापूर. पण तहसील, कोर्ट, बसस्टँड, बाजार, सगळं पांढरकवड्यात. केळापूर हे जवळचंच एक लहान गाव आहे. देवीचं देऊळ आहे तिथं, नवरात्रात यात्रा भरते. कोर्ट नाही, आणि स्टँड म्हणावं असं काही नाही. पांढरकवड्याचा माणूस मेला तरी स्वतःला केळापूरचा म्हणणार नाही, आणि केळापूरचा माणूस कोर्टासमोर राहणार नाही. ही चूक फक्त कागदावरून गाव शिकलेला माणूस करतो. बदलून आलेले साहेब पहिल्या दिवशी करतात.

मी आवाज बदलला नाही. म्हटलं, "हो का? म्हणजे देवीच्या देवळाजवळच."

"हाव काकू, देवळाच्या बाजूलेच."

कोर्टासमोर आणि देवळाच्या बाजूला. मी "बरं झालं बापा, आपलंच मानूस निघालं" असं म्हणून फोन ठेवला.

मुलगी भडकली होती. "आई, तू त्याले तहसीलदारावानी प्रश्न विचारून राह्यली होती."

"तहसील कुठं हाय ते तरी माहीत पाह्यजे ना त्याले."

नवरा म्हणाला, "तिकडं पाच-सहा वर्षं राह्यलं की इसरते मानूस."

"तुमी लग्नाची तारीख इसरता. गावाचं नाव नाही इसरले आजपर्यंत."

"मंग वऱ्हाडी कसा बोलते तो?"

हाच प्रश्न मला टोचत होता. तो खोटा परका असता तर मला कमी भीती वाटली असती. त्याची बोली खरी होती. म्हणजे तो आमच्याच भागातला, अमरावतीकडचा असेल, अकोल्याकडचा असेल. मग तेच सांगायचं. विदर्भ काय लहान आहे? अमरावतीचा आहे म्हणाला असता तरी नवऱ्यानं त्याला आपलाच म्हटलं असतं. पण त्यानं मुलीचा तालुका शोधला, त्याचं नाव पाठ केलं आणि ते अंगावर घातलं. एवढे कष्ट माणूस मदत करायला घेत नाही.

तरी मी खात्रीनं काही म्हणू शकत नव्हते. काही लोकांना उगाच जवळीक दाखवायची खोड असते. तसंही असेल. मी नवऱ्याला सांगितलं, तो चांगला की वाईट हे आपण इथं बसून ठरवू शकत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. रेल्वे आहे. रेल्वेला कोणाची ओळख लागत नाही.

दोन दिवसांनी त्याचा मुलीला मेसेज आला. तू येते त्या दिवशी रेल्वेचा संप आहे, म्हणून बरं झालं मी येतो. मी तिला रेल्वेच्या साइटवर बघायला लावलं. तिथं तसं काही नव्हतं. तिनं विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला मेल टाकला. उत्तर आलं, संपाची माहिती नाही, गाड्या नेहमीप्रमाणे आहेत, किल्ली तुम्हाला त्याच दिवशी मिळेल.

तिनं मेल वाचला आणि मोबाईल माझ्यासमोर ठेवला. भडकणं संपलं होतं. "आई, माह्या तिकिटाचा फोटो हाय त्याच्याजवळ," एवढंच म्हणाली.

"असू दे. त्याच्याजवळ फोटो हाय, पाय तुझ्याजवळ हायेत."

मी त्याला फोन करून सांगितलं, मुलगी रेल्वेनं जाईल, तुम्ही त्रास घेऊ नका. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा पुन्हा गळ घालेल. तो हसला. "ठीक हाय काकू. पण मी येतोच. एकटीले कसं सोडाचं?"

त्या वाक्यानंतर मला नीट जेवण गेलं नाही, पण मी ते घरात बोलले नाही. बोलून बॅगा भरत नाहीत.

सराव करायचा ठरवलं. जवळ रेल्वे नाही, तर बसवर करू. एका दुपारी दोन्ही भरलेल्या बॅगा घेऊन तिला स्टँडवर नेलं. बॅगा चढवायच्या, आत सरकायचं, पुढच्या भागात जागा धरायची, पुढच्या स्टॉपवर कोणाची मदत न घेता उतरायचं. कंडक्टर ओळखीचा. तो म्हणाला, "काय ताई, पोरगी जर्मनीले चालली का करंजीले?" सगळी बस हसली. मुलीनं मान खाली घातली, पण बॅगा स्वतः उतरवल्या. मोठी बॅग आधी, लहान मागून, हे तिथंच ठरलं. हॉलमध्ये कोणाकडंही न बघता चालायचं, हेही ठरवलं. नावाची पाटी दिसली तरी थांबायचं नाही. कोणी नावानं हाक मारली तरी वळायचं नाही.

"आणि हात धरला तं?" तिनं विचारलं.

"तं वरड. मराठीत वरड, वऱ्हाडीत वरड, कसंही वरड."

सिम मी इथूनच घ्यायला लावलं, तिथं उतरल्याबरोबर चालेल असं. हैदराबादच्या विमानतळावर ती आत गेली तेव्हा नवरा रडला. मी तिच्या बॅगेची चेन नीट लागली आहे का ते बघत होते. परतीच्या वाटेवर आदिलाबादच्या पुढं आम्ही चहाला थांबलो तेव्हा नवरा पहिल्यांदा म्हणाला, "तो खरंच आला तं?" इतके दिवस त्यालाही तेच खात होतं तर.

विमान उतरलं तेव्हा आमच्याकडं दुपार होती. मी दुकानातच होते. घरी बसून काय करणार होते? काउंटरवर मुकुटबनकडचे दोघं भाऊ बोंडअळीचं बोंड घेऊन आले होते. मी ते फोडून बघत होते तेव्हा मेसेज आला : उतरली. मग : बॅगा भेटल्या. मग बराच वेळ काही नाही. मी त्या भावांना औषध दिलं, तोंडाला फडकं बांधायला सांगितलं, हातमोजे दिले. हे सगळं मी नीट केलं, कारण त्यांनी नंतर तक्रार केली नाही. पण मला त्यातलं काही आठवत नाही.

फोन वाजला. मुलगी कुजबुजत होती.

"आई, पाटी धरून उभा हाय. माह्यं नाव लिव्हलं हाय. पण हा तो नाही."

"म्हणजे?"

"मोबाईलवर त्याचा फोटो हाय ना, त्याच्यातला नाही. वेगळाच हाय. आणि दोघं हायेत."

"तू कुठं हायेस?"

"एका म्हाताऱ्या जोडप्याच्या मागं. मास्क लावला मी."

"चाल. त्यांच्याच मागं चाल. डावीकडं निळी पाटी, खाली जिना. बोलू नको, फोन चालू ठेव."

मी ऐकत होते. चाकांचा आवाज, कुठल्या तरी भाषेतली घोषणा, तिचा श्वास. व्हिडिओत बघितलेला तो हॉल मी तिच्याबरोबर चालत होते आणि माझ्यासमोर काउंटरवर फोडलेलं बोंड पडलं होतं. मग चाकांचा आवाज बदलला. जिना आला होता. सरकता जिना आहे, आवाज तसा येत होता. मारेगावचे भाऊ म्हणाले तेवढा उभा नसावा.

"खाली आली," ती म्हणाली. "गाडी उभी हाय."

"मागं कोणी?"

"माहीत नाही. पाह्यलं नाही. तूच म्हणली होती पाहू नको."

"बरं. पुढच्या डब्यात बस."

ती चालता चालता थांबली. मग म्हणाली, "आई, पुढचा कोणता?"

"पुढचा म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचा."

"दोन्हीकडं तोंड हाय ह्या गाडीले. इकडं बी ड्रायव्हरची केबिन, तिकडं बी."

आम्ही सराव बसवर केला होता. बसला तोंड एकच. रूळ तिथंच संपतो, गाडी आलेली त्याच बाजूनं परत जाते आणि जे मागचं ते पुढचं होतं, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. व्हिडिओवाला माणूस सरळ चालत जाऊन कुठल्या तरी दारात शिरला होता. त्याला नेमकं कुठल्या दारात शिरलो हे सांगायची गरज वाटली नव्हती.

त्याच वेळी माझ्या फोनवर मधेच दुसऱ्या फोनची टिकटिक सुरू झाली. स्क्रीनवर त्याचा नंबर. मी उचलला नाही.

"एखादी बाई दिसते का? लेकरंवाली?"

"हाय एक."

"तिले शहराचं नाव सांग आणि बोट दाखवून विचार."

तिनं विचारलं. इंग्रजीत दोन शब्द, मग त्या बाईचा आवाज, मग पुन्हा चाकं, या वेळी पळत. टिकटिक थांबली. पुन्हा सुरू झाली.

"आपण उलट्या टोकाले उभ्या होतो," मुलगी धापा टाकत म्हणाली. ती एकटीच होती, पण "आपण" म्हणाली. मग दार बंद झाल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "हालली."

मी तिला सांगितलं, बसून राहा, आता एकाशी बोलून घेते. आणि त्याचा फोन उचलला. उचलला नसता तर तो करत राहिला असता, आणि मला तो कुठं आहे ते जाणून घ्यायचं होतं.

"काकू, पोरगी दिसून नाही राह्यली. विमान तं आलं."

"ती गेली ना. रेल्वेनं."

"आमच्या लोकांले दिसली नाही." आमच्या लोकांना. "कोन्त्या डब्यात बसली?"

डबा कशाला हवा होता त्याला? मी म्हटलं, "मले काय माहीत बापा. गेली एवढं खरं."

तेव्हाही त्याचा आवाज गोडच होता. "काही हरकत नाही काकू. ते गाडी कुठं जाते ते मले माहीत हाय."

फोन त्यानंच ठेवला.

ती गाडी शहराच्या मुख्य स्टेशनावर जाते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. सगळे तिथंच उतरतात. मोटारीनं हमरस्त्यावरून तिथं पोचायला फार वेळ लागत नाही, हे मी नकाशावर आधी बघितलं होतं, रेल्वे चुकली तर टॅक्सीला किती वेळ लागेल ते बघताना. पण मुख्य स्टेशनाच्या अलीकडं आणखी एक स्टेशन आहे. तिथून होस्टेलकडं ट्राम जाते, जरा वळसा घालून. तो रस्ता मी मुलीला दाखवला नव्हता, गोंधळेल म्हणून. मी मात्र बघितला होता. हंगाम नसता तर मी त्या शहरातल्या सगळ्या ट्राम पाठ केल्या असत्या.

मी तिला फोन केला. "मुख्य स्टेशनावर उतरू नको. त्याच्या अलीकडं उतर."

"काहून?"

"उतर म्हणलं ना."

तिनं पुन्हा काहून विचारलं नाही. स्टेशनाचं नाव मी तिला एक एक अक्षर करून सांगितलं आणि तिनं ते दारावरच्या स्टेशनांच्या पट्टीवर शोधलं. गाडी तुटायचं स्टेशन मधे आलं. तिला एक धक्का बसला, दिवे एकदा गेले आणि आले. "तुटली," ती म्हणाली. "मागचे डबे तिकडं गेले. लोकं बसलेच हायेत त्याच्यात." मी म्हटलं, त्यांचं ते बघतील.

ती अलीकडच्या स्टेशनावर उतरली. ट्राम मिळाली. होस्टेलच्या ऑफिसात किल्ली मिळाली. तिनं आतून लावलेल्या कडीचा फोटो पाठवला, मी मागितला नव्हता तरी. मी नवऱ्याला गोदामात फोन करून सांगितलं आणि तो काही बोलायच्या आत ठेवला. गिऱ्हाईक उभं होतं.

तो मुख्य स्टेशनावर गेला होता की नाही, मला माहीत नाही. तो किंवा ते दोघं. कदाचित तो चांगला मुलगा होता, उगाच जवळीक दाखवायची खोड असलेला, आणि आम्ही त्याला दिवसभर ताटकळत ठेवलं. नवरा अजून कधी कधी तसं म्हणतो. दुसऱ्या दिवशी मुलगी त्या ग्रुपमधून बाहेर काढली गेली होती. कोणी काढलं ते कळलं नाही. त्याचा नंबर लागेनासा झाला. तिनं विद्यापीठाच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, नाव विचारलं. आमच्याजवळ त्यानं सांगितलेलं नाव होतं, तेच दिलं.

महिनाभरानंतरची गोष्ट. होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात आपल्याच राज्यातली एक मुलगी भेटली, आधीच्या तुकडीतली. दोघी वरण-भात करत होत्या. विमानतळावरून कशी आलीस, असा विषय निघाला आणि माझ्या मुलीनं त्या दादाचं नाव घेतलं, हसत हसत, आईनं कसं मला पळवलं म्हणून. ती मुलगी हसली नाही. तिनं गॅस बारीक केला.

"तू बसलीस का त्याच्या गाडीत?"

"नाही. रेल्वेनं आले."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि तिथलं भांडं उचलून धुवायला गेली. ते भांडं धुतलेलंच होतं.

मुलीनं मला फोनवर विचारलं, "तिले काही विचारू का?"

मी म्हटलं, "नको. तिले वाटन तं ते सांगन. पण रोज तिच्यासंगं जेवत जा."